जसिंतामावशींचे शुक्रवार

थुमामातल्या आमच्या इमारतीचं पंचांग तिसऱ्या मजल्यावर राहत होतं. जसिंतामावशी त्याचं नाव. दिवाळी, ईद, गणपती, नाताळ, यातलं खरं काय कधी आहे याची चौकशी आम्ही मोठ्यांनी करायची. मुलांसाठी प्रत्येक सण शुक्रवारीच यायचा, दुपारी जुम्म्याची नमाज आणि जेवणं उरकली की, मावशींच्या घरी. कतारमध्ये सुट्टी शुक्रवारची. मावशींची चर्चची प्रार्थनासुद्धा शुक्रवारचीच, कारण रविवारी सगळे कामावर. "देवाला चालतं, तर आपल्याला काय धाड भरलीय?" असं म्हणून त्या सगळ्या धर्मांचे सण खुशाल उचलायच्या आणि जवळच्या शुक्रवारी आणून ठेवायच्या.

याचे परिणाम आम्हाला भोगावे लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या मृणालवहिनी एका दिवाळीत मुलाला घेऊन पुण्याला गेल्या. लक्ष्मीपूजनाला सगळं घर नटून बसलं आणि अथर्व पाटावर बसेना. "आजी, टुडे इज ट्यूसडे. इट कान्ट बी दिवाळी." आजीने डोक्याला हात लावला. "पोराला काय शिकवताय गं तिकडे?" म्हणून सुनेची खरडपट्टी काढली. वहिनींनी परत आल्यावर ही हकीकत जरा घुश्शातच मावशींना सांगितली. मावशी ओट्याला धरून हसल्या, डोळे पुसले, मग गंभीर होऊन विचारलं, "पण शेवटी बसला ना?"

"बसला."

"लाडू खाल्ला?"

"तीन."

"मग खलास. वार कुठला का असेना."

मावशी वसईच्या. केळीच्या वाडीत वाढलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या, लग्नाआधी गावच्या बालवाडीत शिक्षिका होत्या. ठेंगण्या, रुंद हाडाच्या, घरात कायम पायघोळ झगा आणि दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. आवाज असा की जिन्यातून हाक मारली तर तळमजल्यावरचा वॉचमन "जी मॅडम" म्हणायचा. नवरा डॉमनिककाका उत्तरेला रास लफानच्या प्लँटवर फोरमन. पहाटे कंपनीची बस त्यांना न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला इथे नोकरी मिळणं सोपं नाही. मावशींनी खटपट केली नाही. त्यांच्या मते नोकरी त्यांनी लावूनच घेतली होती, फक्त कुणी नेमलं नव्हतं.

त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. एवढं मात्र सगळ्यांना दिसत होतं की त्यांचा आठवडा शुक्रवारी दुपारी सुरू होतो आणि शुक्रवारी संध्याकाळी संपतो. मधले दिवस तयारीचे.

आम्ही त्या इमारतीत नवे आलो तेव्हा आमची सना जेमतेम पाच वर्षांची होती. रत्नागिरीहून, आजीपासून तोडून आणलेली पोर दिवसभर किरकिर करायची. खोकी उघडता उघडता माझी बायको नसीम एकदम थबकली, कारण किरकिर बंद झाली होती. पोर घरात नव्हती. आम्ही दोघांनी इमारत डोक्यावर घेतली, वॉचमन रस्त्यावर पळाला, नसीम जिन्यात बसून रडायला लागली. तिसऱ्या मजल्यावर मला एक दार किलकिलं दिसलं. ते लागू नये म्हणून खाली पुरुषी चप्पल अडकवलेली. आत सना स्टुलावर उभी, हात कोपरापर्यंत पिठात आणि चेहऱ्यावर गावाहून निघाल्यानंतरचं पहिलं हसू. शेजारच्या बाईंनी मला बघताच दोन्ही हात वर केले.

"मी बोलावलं नाही हो तिला. तीच आली."

मला वाटलं सारवासारव करतायत. पुढे कळलं की तो त्यांचा कायदाच होता. त्या कुठल्याही मुलाला कधीही बोलवत नसत. फोन नाही, निरोप नाही, इमारतीच्या ग्रुपवर मेसेज नाही. शुक्रवारी दारात चप्पल दिसली की मुलांनी काय ते समजायचं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बोलावलेलं मूल पाहुणं होतं, सलीमभाई. पाहुणं मूल हात धुतं, सोफ्यावर बसतं नि थँक्यू म्हणतं. मला काय करायचंय तसलं मूल?"

आत गेल्यावर आधी पुस्तक. मोठाल्या चित्रांची, चार ओळींची मराठी पुस्तकं, दर सुट्टीत वसईहून आणलेली. विमानात सामानाचं वजन भरलं की डॉमनिककाकांचा सुका बोंबील आणि घरचा मसाला बाहेर निघायचा आणि पुस्तकं आत राहायची. काका विमानतळावर बायकोशी भांडायचे आणि इथे आल्यावर तो बोंबील कसा मागे राहिला याचं वर्णन आम्हाला असं करायचे की ऐकणाऱ्याला भूक लागावी. पुस्तक झालं की कागद, कात्री, डिंक. त्या सणाचं जे काही असेल ते, म्हणजे पतंग, कंदील, चंद्रकोर, चांदणी. शेवटी ओव्हन. नानकटाई, खजूर भरलेली ईदची बिस्किटं, भाजलेले मोदक, नाताळचा केक. मोदक ओव्हनमध्ये घालतात हे ऐकून मृणालवहिनींच्या आईने पुण्याहून निषेध कळवला होता. मावशींनी त्यांच्यासाठी एक डबा भरून पाठवला, त्यानंतर पुण्याहून काही आलं नाही.

मुलं सगळी इंग्रजी शाळेतली. मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. मावशींनी त्यावर कधी व्याख्यान दिलं नाही. "मावशी, व्हाय इज इट सो स्टिकी?" असं कुणी विचारलं की त्या पिठाकडे बघून म्हणायच्या, "याला इंग्रजी येत नाही गं. त्याला समजेल असं विचार." मग सना पिठावर वाकून, शब्द शोधत, "तू चिकट का आहेस?" असं विचारायची. अथर्व, बाकीची पोरं, सगळे आपापल्या गोळ्यांशी मराठीत बोलत बसलेले मी पाहिलेत. घरी आम्ही रागावून जे साधलं नाही ते त्या मैद्याच्या गोळ्याने करून दाखवलं.

आयांना आत मज्जाव होता. त्यामागे मृणालवहिनींचाच एक किस्सा आहे. वहिनी हस्तकलेत कुशल, भारतात असताना कागदकामाचे वर्ग घेतलेल्या. एका दिवाळीत अथर्वने मावशींकडे केलेला कंदील त्यांना बघवेना. एक बाजू आखूड, खळ बाहेर आलेली, झिरमिळ्या उलट्या. त्यांनी तो केराच्या डब्यात टाकला, रात्रीतून दुसरा सुबक करून दिला आणि मुलाच्या हाती वर पाठवला. मावशींनी तो निरखून पाहिला, "फार छान केलाय हो तुझ्या आईने" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात खिळ्याला मानाने टांगला. मग खाली जाऊन वॉचमनला सोबत घेतलं आणि केराच्या पिशव्यांतून तो आखूड बाजूचा कंदील शोधून काढला. पुसून, डिंक लावून तो बाल्कनीत लावला, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा. वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत. अथर्व मात्र महिनाभर शाळेच्या बसमधून सगळ्यांना बोट दाखवून सांगत होता, तो माझा.

डॉमनिककाकांचं काम शुक्रवारी झोपायचं. आठवडाभराची पहाटेची बस त्या दुपारी वसूल करायची असायची. पण झोपायला दुसरी खोली असताना ते हॉलमधल्या सोफ्यावरच झोपायचे, मुलांच्या गराड्यात, तोंडावर रुमाल टाकून. अंगावरून मुलं चढायची, पायावर कागदाचे कपटे पडायचे, त्यांचा घोरण्याचा ताल तुटत नसे. मावशींकडे वाघाचं एक पुस्तक होतं. त्यात मुलगी गुहेत डोकावते ते पान आलं की मावशी थांबायच्या, मुलं श्वास रोखायची आणि रुमालाखालून डरकाळी यायची. मग पुन्हा घोरणं. मुलं किंचाळून एकमेकांच्या अंगावर पडायची. प्रत्येक वेळी तेच पान, तीच डरकाळी आणि प्रत्येक वेळी तेवढीच घाबरगुंडी. मी एकदा काकांना विचारलं, "तुम्ही झोपता की झोपेचं सोंग घेता?" तर म्हणाले, "झोपतोच हो. पण तिचा आवाज त्या पानावर आला की जाग येते."

रमजानच्या मध्यावर इथली कतरी मुलं गळ्यात पिशव्या अडकवून दारोदार सुकामेवा मागत फिरतात. त्याला गरंगाओ म्हणतात. मावशींनी पहिल्याच वर्षी सगळ्यांकडून जुन्या ओढण्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि नसीमकडून त्या सणाची माहिती घ्यायला खाली आल्या. नसीमलाही ती नव्हती, आमच्या कोकणात असलं काही नसतं. मग दोघी मिळून पहिल्या मजल्यावरच्या इजिप्शियन कुटुंबाकडे गेल्या, तर त्यांच्याकडेही वेगळंच काहीतरी. "म्हणजे इथे सगळेच बाहेरचे!" मावशी म्हणाल्या. "मग काय, यल्ला, चला. आपण करू तेच खरं." त्या संध्याकाळी आमच्या इमारतीत अशी पोरं फिरली की त्या इजिप्शियन आजोबांनी घरातले सगळे बदाम रिकामे केले.

एक गोष्ट त्यांना जमत नसे. आखातात माणूस कायमचा नसतो. जून महिना आला की दरवर्षी एखादं घर गुंडाळलं जायचं. कुणाचं काम संपलं, कुणी कॅनडाला निघालं, कुणाच्या मुलाची दहावी गावाला करायची ठरली. आम्ही सगळे खाली उतरून टॅक्सीला हात करायचो. मावशी कधीच उतरत नसत. "मला निरोप जमत नाही, मी नाही येणार," असं सरळ सांगायच्या आणि दार लावून घ्यायच्या. रिया नावाची एक मुलगी त्यांच्या फार जवळची होती. ती गेली त्याच्या पुढच्या शुक्रवारी मावशींनी पिठाचे गोळे वाटले आणि एक उरला. मुलांनी विचारलं, हा कुणाचा? मावशी म्हणाल्या, "असू दे." तो गोळा तसाच ताटात राहिला.

मागच्या नोव्हेंबरात डॉमनिककाका गेले.

कामावरून येताना बसमध्येच गेले. खिडकीशी बसून रोज झोपायचे तसे त्या दिवशीही झोपले आहेत असं शेजारच्याला वाटलं. तो वाटेत अल खोरला उतरला. थुमामाचा थांबा आला तेव्हा त्यांना उठवणारं शेजारी कुणी नव्हतं. बस पुढे निघून गेली आणि शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने हलवून पाहिलं. इकडे मावशींनी चहा टाकला होता. वेळ झाली तरी जिन्यात पावलं वाजेनात म्हणून त्या आमच्या दारात आल्या आणि मला म्हणाल्या, "सलीमभाई, यांचा फोन वाजतोय नि हे उचलत नाहीत. परत झोपले वाटतं." हसत म्हणाल्या त्या. ते हसणं मला अजून दिसतं.

कागदपत्रांचे दोन दिवस कसे गेले कळलं नाही. कंपनीने धावपळ केली, आम्हीही केली. काकांना घेऊन मावशी सकाळच्या विमानाने मुंबईला निघाल्या तेव्हा मुलं शाळेत होती. त्यांना आम्ही काही सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी सनाने तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप पाहिलं आणि खाली येऊन विचारलं, तेव्हा नसीमला सांगावं लागलं. सनाने फक्त एवढंच विचारलं, "मग टायगर कोण करणार?"

डिसेंबरच्या सुरुवातीला मावशींचा फोन आला, मी येतेय. घर आवरायचं होतं. नवऱ्याच्या नावावरचा व्हिसा आता राहणार नव्हता, वर्षाअखेरपर्यंत सगळं उरकायचं होतं. मी विमानतळावर घ्यायला गेलो. मावशी वाळल्या होत्या. काळा झगा, हातात एकच बॅग. गाडीत बसल्यावर बॅग मांडीवर घेतली.

"भाऊ म्हणत होता, तू नको जाऊस, मी जाऊन आवरून येतो," त्या म्हणाल्या. "त्याला म्हटलं, नाही. मीच जाणार."

"तुम्हाला झेपेल का सगळं?"

"सामानाचं काय हो, कुणीही भरतं. मुलांना न सांगता गेले मी, सलीमभाई. शाळेतून आली असतील नि दाराला कुलूप. मुलांना असं सोडून जातात का?" त्यांचा आवाज फाटला. मग त्या सावरून बसल्या. "आजवर निरोप घ्यायला भ्याले. पण आता घेते. त्यांचा नाताळ करते, एकेकाला जवळ घेते नि जाते. एक शुक्रवार मिळाला की बस मला. तिकीट पण शुक्रवारच्याच रात्रीचं काढलंय. इन्शाल्ला म्हणा."

मी म्हटलं, इन्शाल्ला.

घरी येऊन मी हे नसीमला सांगितलं, मृणालवहिनींनाही सांगितलं. दोघींचे डोळे भरले. आणि दोघींनीही माझं म्हणणं बाजूला ठेवलं.

नसीम म्हणाली, "अवो, इद्दतीत, नवरा गेल्याच्या शोकात बसलेल्या बाईच्या घरात पोरं नाचवायची का? म्हणणारच ती. तिचा सभावच तसा."

वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे वर्षभर सण नसतो. घरात गोडधोड करायचं नाही, कंदील नाही, काही नाही. आणि आपण तिला ओव्हन लावायला लावायचा? काका जाऊन महिना नाही झाला! ती मुलांसाठी हसून करेल आणि आतून तुटेल. आपल्याला कळायला नको?"

वसईच्या ख्रिस्ती घरात अशा वेळी काय करतात हे दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. इमारतीत दुसरं ख्रिस्ती मराठी घर नव्हतं. आणि मावशींनाच विचारायचं म्हणजे तर जखमेवर बोट ठेवण्यासारखं, असं सगळ्यांचं मत पडलं. प्रत्येकीने आपल्या घरचा शोक मावशींना नेसवला. मी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं की त्या मुलांसाठीच आल्यात. "तुम्हा पुरुषांना नाही समजायचं," असं उत्तर मिळालं आणि मी पेपर उचलला. चार समजूतदार बायका एकत्र आल्या की आपलं कोण ऐकतं.

त्या आठवड्यात इमारत किती जपून वागली! पाळीपाळीने मावशींकडे डबे गेले. दारातच हळू आवाजात चौकशी व्हायची आणि दारातूनच बायका परत फिरायच्या. तिसऱ्या मजल्यावरून मुलांनी लिफ्टनेच जायचं, पळायचं नाही, बेल दाबायची नाही, अशी सक्त ताकीद. मावशी रोज प्रत्येकीला विचारायच्या, "मुलं कशी आहेत?" बायका सांगायच्या, परीक्षा चालू आहेत हो. मावशी मान हलवायच्या, "अभ्यास होऊ दे. शुक्रवारी मोकळी असतील." बायका खाली येऊन एकमेकींना सांगायच्या, बघा, बिचारी अजून आपल्या नादात आहे.

शुक्रवारी मुलं हट्ट करतील म्हणून मृणालवहिनींनी तोडगा काढला. वेस्ट बेमधल्या एका मोठ्या हॉटेलात लहान मुलांसाठी नाताळचा कार्यक्रम होता. झाड, सांताक्लॉज, कुकीज, गाणी. दुपारीच तीन गाड्या भरून सगळी पोरं तिकडे रवाना झाली. नसीम सनाला घेऊन गेली. मी मागे राहिलो, मावशींना संध्याकाळी विमानतळावर सोडायचं होतं म्हणून.

पाच वाजून गेल्यावर मी बॅगा उचलायला वर गेलो. दार किलकिलं होतं. खाली काकांची चप्पल.

घर रिकामं झालं होतं. सोफा गेला होता, टेबल गेलं होतं, भिंतीवर फोटोंचे चौकोन तेवढे उरलेले. फक्त ओव्हन जागेवर होता. तो घेणाऱ्याला त्यांनी शनिवारी येऊन न्यायला सांगितलं होतं, हे मला मागून कळलं. हॉलमध्ये जमिनीवर स्वच्छ चादर अंथरलेली. तिच्या कडेने गोलात वर्तमानपत्राचे तुकडे मांडलेले, प्रत्येकावर चांदणीचा सोनेरी कागद, कात्री आणि ओल्या फडक्याखाली झाकलेला पिठाचा गोळा. मधोमध पुस्तकं, सगळी, प्रत्येकावर एकेका मुलाचं नाव चिकटवलेलं. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. काळा झगा बदलून त्यांनी फुलाफुलांचा घातला होता.

मला बघून त्या उठायला लागल्या. त्यांची नजर माझ्या मागे गेली, जिन्याकडे.

"सलीमभाई, काही साथबीथ आलीय का? गोवर, ताप? एक पण मूल दिसत नाही दुपारपासून."

मी म्हटलं, "नाही मावशी, बरी आहेत सगळी."

"सना?"

"बरी आहे."

"मग?"

मग मी सांगितलं. वेस्ट बेचं सांगितलं, बायकांचं सांगितलं, तुम्हाला त्रास नको म्हणून सगळ्यांनी असं ठरवलं, हे सांगितलं. सांगताना माझं मलाच ते सगळं किती शहाणपणाचं आणि किती वाईट वाटत होतं.

"त्रास," मावशी म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "मला कुणी विचारलं नाही हो."

"तुम्ही एकदा जरी हाक मारली असती, मावशी."

"मी कधी मारली का?" त्या म्हणाल्या. आणि मग इतका वेळ धरून ठेवलेलं रडू आलं त्यांना. काकांना नेलं त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या. आता त्या रिकाम्या हॉलमध्ये चादरीच्या कडेला बसून त्या मोठ्याने रडल्या आणि मी दारात उभा राहून रडलो. दुसरं काही करता येत नव्हतं.

थोड्या वेळाने मी फोन काढला. "आत्ता बोलावतो सगळ्यांना. अर्ध्या तासात येतील. तुमचं विमान—"

"नको." त्यांनी डोळे पुसले. "तिकडे गाणी चालली असतील. मजेत असलेल्या मुलाला असं ओढून आणायचं नसतं. आणि ओढून आणलेली मला नकोत."

"मावशी, ती पण रोज विचारतात हो तुमचं."

"विचारतात ना? मग झालं."

त्या ओणव्या झाल्या आणि एकेका कागदावरचं फडकं काढू लागल्या. प्रत्येक गोळा उचलून त्यांनी आधीच्या गोळ्यात मिसळला. सगळे मिळून एक मोठा गोळा झाला, तो त्यांनी दोन्ही हातांनी दाबून मळला, पिशवीत बांधला आणि माझ्या हातात दिला. "नसीमला द्या. फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. पुस्तकं ज्याची त्याला." ओव्हन दुपारपासून तापत ठेवलेला होता. तो बंद केला, झगा बदलून आल्या आणि दारात अडकवलेली चप्पल काढून दार ओढून घेतलं.

विमानतळापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "त्यांना रागावू नका हो घरी जाऊन. प्रेमानेच केलं त्यांनी." मी त्यांच्या बॅगा ढकलगाडीवर ठेवल्या आणि त्या आत गेल्या. मला निघवेना. म्हणून मीही आत जाऊन खांबाशी उभा राहिलो.

मुंबईच्या रांगेत सुट्टीला निघालेल्या कुटुंबांची गर्दी होती. मावशींच्या पुढे एक जोडपं होतं आणि त्यांच्या ढकलगाडीवर, बॅगांच्या वर, तोंड मागे करून बसवलेली तीनेक वर्षांची मुलगी. तिच्या हातात प्लॅस्टिकचा उंट होता. तिने तो मावशींना दाखवला. मग आणखी पुढे वाकून, हात लांब करून, पुन्हा दाखवला. मावशी हातातल्या तिकिटाकडे बघत राहिल्या. रांग सरकली, तशा त्याही सरकल्या. मुलीने थोडा वेळ वाट बघितली आणि उंट पोटाशी धरून ती दुसरीकडे बघायला लागली.